फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी ‘५०० महापौरांची परवानगी’ लागते, हे कितपत खरं?

फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर एक दावा हटकून फिरतो. त्याचा गोषवारा असा: ‘फ्रान्समध्ये उभं राहायचं तर ५०० महापौरांची परवानगी काढावी लागते. माक्राँ यांनी विरोधकांना रोखायला ही अट आणली. मोठ्या पक्षाशिवाय ती कुणालाच पुरी करता येत नाही, आणि शेवटी कोण उभं राहणार ते एक परिषद आपल्या मर्जीने ठरवते.’ यातला ५०० हा आकडा बरोबर आहे: उमेदवारीसाठी ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात. बाकीचं एकेक तपासून पाहायला हवं.

आधी ‘महापौर’ या शब्दाबद्दल. हा शब्द ऐकला की आपल्यासमोर पुणे-मुंबईची महापालिका येते. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त कम्यूनची लोकसंख्या ५०० च्या आत आहे. प्रत्येक कम्यूनला एक ‘मेर’ असतो. दोनशे वस्तीच्या गावचा मेर म्हणजे आपल्याकडचा सरपंच. त्यामुळे ‘५०० महापौर’ म्हटल्यावर जे बड्या पुढाऱ्यांचं कोंडाळं डोळ्यांपुढे येतं, तिथेच समजुतीचा पहिला घोटाळा होतो.

शिवाय सही फक्त मेरच करतात असं नाही. खासदार, सिनेटर, युरोपीय संसदेतले फ्रेंच सदस्य, प्रादेशिक आणि देपार्तमाँच्या (साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) परिषदांचे सदस्य, पॅरिसचे नगरसेवक, पॅरिस-लियों-मार्सेयमधल्या वॉर्डांचे मेर, गावांच्या संयुक्त संस्थांचे अध्यक्ष, कॉर्सिका आणि सागरपार प्रदेशांच्या सभांचे सदस्य, या सगळ्यांना तो अधिकार आहे. एकूण संख्या सुमारे ४२ हजार भरते. त्यांतले ५०० म्हणजे सव्वा टक्काही नाही. साध्या गावातल्या नगरपरिषद सदस्याला मात्र सही करता येत नाही, आणि सामान्य मतदाराला तर नाहीच. पुदुच्चेरीतले फ्रेंच नागरिक या निवडणुकीत मत देतात, पण सूचक होऊ शकत नाहीत. परदेशस्थ फ्रेंच नागरिकांच्या सभेवर निवडून गेलेला सदस्य मात्र सही करू शकतो.

‘परवानगी’ हा शब्द तर साफ चुकीचा आहे. आपल्या निवडणुकीच्या भाषेत हे लोक सूचक आहेत. भारताच्या राष्ट्रपतिपदासाठीही ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, त्याला आपण परवानगी म्हणत नाही. फ्रेंच कायद्यातला शब्द ‘सादर करणे’ अशा अर्थाचा आहे. बोलीत त्याला ‘पारेनाज’ म्हणतात, म्हणजे बारशाच्या वेळी धर्मपिता होणं. त्या शब्दामुळेच सही म्हणजे आशीर्वाद अशी समजूत खुद्द फ्रान्समध्येही पसरली आहे.

सही म्हणजे पाठिंबा नव्हे, याचं सगळ्यात ठळक उदाहरण २०२२ चं. पो शहराचे मेर फ्राँस्वा बाइरू माक्राँ यांचे जुने साथीदार, प्रचारही त्यांचाच करत होते. त्यांनी सही दिली माक्राँ यांच्या विरोधातल्या, अतिउजव्या पक्षाच्या मारीन ल पेन यांना. लाखो मतदार ज्यांच्या मागे आहेत त्यांचं नाव मतपत्रिकेवर असलंच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. आकडेही तेच सांगतात. त्या वर्षी सर्वाधिक सह्या जुन्या उजव्या पक्षाच्या व्हालेरी पेक्रेस यांच्याकडे होत्या, २,६३६, आणि मतं पडली ४.७८ टक्के. समाजवादी पक्षाच्या आन इदाल्गो यांच्याकडे १,४४० सह्या, मतं १.७५ टक्के. ल पेन यांच्याकडे जेमतेम ६२२ सह्या, मतं २३.१५ टक्के, आणि त्या दुसऱ्या फेरीत गेल्या (पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते). सह्यांवरून पक्षाची गावागावांतली जुनी मुळं कळतात, जनमत कळत नाही.

आता ‘माक्राँ यांनी आणली’. थेट जनतेतून अध्यक्ष निवडण्याचा कायदा द गोल यांच्या काळातला, नोव्हेंबर १९६२ चा. तेव्हा १०० सह्या पुरत, त्या किमान १० देपार्तमाँमधून आलेल्या असाव्या लागत. १९७४ ला १२ उमेदवार उभे राहिले आणि दोन वर्षांनी, जिस्कार देस्तँ अध्यक्ष असताना, अट ५०० वर गेली. त्याच वेळी किमान ३० देपार्तमाँचं बंधन आलं, आणि एकाच देपार्तमाँमधल्या ५० पेक्षा जास्त सह्या मोजायच्या नाहीत असं ठरलं. माक्राँ १९७६ मध्ये जन्मलेही नव्हते. २०१६ ला सह्या पाठवण्याची आणि जाहीर करण्याची पद्धत बदलली, तेव्हा अध्यक्ष ओलाँद होते.

देपार्तमाँचं हे गणित नवख्या उमेदवाराला नेमकं कुठे अडवतं ते पाहण्यासारखं आहे. समजा एखाद्या प्रादेशिक नेत्याने आपल्या मुलखातल्या १० देपार्तमाँमधून प्रत्येकी ५० सह्या मिळवल्या. बेरीज ५०० भरते, पण उमेदवारी बसत नाही, कारण ३० देपार्तमाँची अट राहिली. समजा दुसऱ्याने ३५ देपार्तमाँमधून ६०० सह्या आणल्या, पण त्यांतल्या १६० एकट्या घरच्या देपार्तमाँमधल्या आहेत. मोजल्या जाणार त्यांतल्या ५०, म्हणजे एकूण ४९०. हाही बाहेर.

‘मोठ्या पक्षाशिवाय अशक्य’ हे मतपत्रिकाच खोडून काढते. ५०० ची अट असतानाच २००२ ला १६ उमेदवार होते. पहिल्या फेरीत मतं इतकी विखुरली की पंतप्रधान लिओनेल जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर थांबले आणि १६.८६ टक्के घेऊन मारीन यांचे वडील जाँ-मारी ल पेन दुसऱ्या फेरीत गेले. फोर्डच्या कारखान्यातले कामगार फिलिप पुतू २०१२, २०१७ आणि २०२२ असे तीनदा उभे राहिले. २०१७ ला जाक शेमिनाद यांनी ५२८ सह्या जमवल्या आणि ०.१८ टक्के मतं मिळवली. कष्ट मात्र अतोनात पडतात. छोट्या पक्षांचे कार्यकर्ते कित्येक महिने आधीपासून गाडी घेऊन गावोगाव फिरतात, मेरला गाठतात, वचनचिठ्ठी घेतात. त्या चिठ्ठीला कायद्यात काडीची किंमत नाही आणि वचनं ऐनवेळी गळतात, म्हणून ५०० पेक्षा बरीच जास्त वचनं गाठीला ठेवावी लागतात.

खरी सही एकाच कागदावर होते. तो छापील अर्ज संविधान परिषदेचा असतो. दाव्यातली ‘परिषद’ ती हीच: कायदे घटनेला धरून आहेत का ते तपासणारी आणि या निवडणुकीवर देखरेख ठेवणारी संस्था. मतदारांना निवडणुकीसाठी पाचारण करणारा हुकूम निघाला की तो सरकारी यंत्रणेमार्फत प्रत्येक पात्र लोकप्रतिनिधीला जातो. २०२२ ला ही मुदत २७ जानेवारी ते ४ मार्च होती, म्हणजे पाच आठवडे. अर्ज मोठ्या लिपीत भरायचा, स्वतःच्या हाताने सही करायची, मेर असेल तर कार्यालयाचा शिक्का मारायचा आणि सोबतच्या ठरावीक पाकिटातून टपालाने थेट परिषदेला पाठवायचा. २०१६ पूर्वी उमेदवाराची माणसं गठ्ठा गोळा करून नेऊन देत, आता ते चालत नाही. शिक्का राहिला, परिषदेच्या छापील अर्जाऐवजी झेरॉक्स पाठवली, सही करणाऱ्याचं पद संपलेलं निघालं, की अर्ज बाद. पहिल्या फेरीच्या आधीच्या सहाव्या शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत कागद परिषदेच्या हातात पडला पाहिजे. टपालाचा शिक्का कोणत्या तारखेचा आहे याला महत्त्व नाही. एका प्रतिनिधीला एकच नाव सुचवता येतं. पाठवलेली सही मागे घेता येत नाही, आणि दोन पाठवल्या तर आधी पोचलेलीच धरतात.

म्हणूनच ‘परिषद मर्जीने ठरवते’ यातही तथ्य नाही. परिषद कागद मोजते आणि छाननी करते. उमेदवाराची संमती, मालमत्तेचं आणि हितसंबंधांचं विवरणपत्र आहे का ते पाहते. उमेदवार फ्रेंच नागरिक, मतदार आणि १८ वर्षांचा पुरा असावा लागतो. अमेरिकेसारखी जन्माने नागरिक असण्याची अट इथे नाही. ज्याच्या नावाने एक जरी सही आली असेल, त्याला यादी प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आक्षेप घेता येतो. न्यायालयाने दिलेली अपात्रता हा संपूर्ण वेगळा विषय आहे. ३१ मार्च २०२५ च्या निकालात मारीन ल पेन यांच्यावर पाच वर्षांची निवडणूकबंदी आली ती फौजदारी खटल्यात. तिचा ५०० सह्यांशी काही संबंध नाही, आणि फिरणाऱ्या मजकुरात या दोन गोष्टींची सरमिसळ होते.

अनामत रक्कम मुळीच भरावी लागत नाही. उलट अंतिम यादीत आलेल्या प्रत्येकाला सरकार २०२२ ला २ लाख युरो आगाऊ देत होतं. खरा आर्थिक धोका त्याच्या पुढे आहे. पहिल्या फेरीची खर्चमर्यादा १ कोटी ६८ लाख ५१ हजार युरो होती. ५ टक्के मतं मिळाली तर ८० लाखांपर्यंत भरपाई, त्याखाली फक्त ८ लाख. पेक्रेस ०.२२ टक्क्याने चुकल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना जाहीरपणे देणग्या मागाव्या लागल्या. ५० लाखांचं कर्ज त्यांच्या एकटीच्या नावावर होतं.

दाव्यामागची एक तक्रार मात्र खरी आहे आणि ती झाकून ठेवू नये. माजी न्यायमंत्री क्रिस्तियान तोबिरा यांनी जानेवारी २०२२ मध्ये एका नागरी पूर्वनिवडणुकीत (डाव्यांचा एक उमेदवार ठरवण्यासाठी नागरिकांनी आधीच घेतलेलं मतदान) पहिला क्रमांक मिळवला. तीत ३ लाख ९२ हजारांवर लोकांनी भाग घेतला होता. तरी त्यांच्या सह्या ३०० च्या आतच राहिल्या. १९८१ ला जाँ-मारी ल पेन यांनाही ५०० गाठता आले नव्हते. लोकांमध्ये वजन आहे पण गावपातळीवर निवडून आलेली माणसं नाहीत, अशा उमेदवाराची इथे खरोखर अडचण होते.

ती अडचण २०१६ नंतर वाढली, असं आमचं मत आहे. पूर्वी प्रत्येक उमेदवाराच्या सूचकांतली ५०० नावं चिठ्ठ्या टाकून प्रसिद्ध होत. आता प्रत्येक सही नाव, पद आणि गावासकट परिषदेच्या संकेतस्थळावर येते, मुदतीच्या काळात आठवड्यातून दोनदा. तीनशे वस्तीच्या गावचा मेर त्या यादीत दिसला की बेकरीपाशी त्याला विचारणा होते, विरोधी गटाला मुद्दा मिळतो. संयुक्त संस्थेकडून रस्त्याचा निधी हवा असेल तर तिथल्या अध्यक्षांना काय वाटेल याची धास्ती असते. त्यापेक्षा कागद कपाटात ठेवून देणं सोपं. २०२२ ला ४२ हजारांपैकी जेमतेम १३ हजारांच्या आसपास प्रतिनिधींनी सह्या पाठवल्या.

यावर उपाय सुचवला गेला होता. २०१२ ला जोस्पँ यांच्याच अध्यक्षतेखालच्या आयोगाने लोकप्रतिनिधींऐवजी दीड लाख नागरिकांच्या सह्या घ्याव्यात, त्या किमान ५० देपार्तमाँमधून याव्यात आणि एका देपार्तमाँमधून ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात, अशी शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. दीड लाख सह्यांची छाननी कोण करणार आणि त्या गोळा करायला पैसा कुणाकडे असणार, हे दोन प्रश्न तिच्या विरोधकांनी तेव्हाच विचारले होते, आणि ते रास्त आहेत.