ऐंशी मीटरची मेमरी

भोसरीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये एक जुनं व्हीएमसी आहे, म्हणजे प्रोग्राम दिला की त्याप्रमाणे आपोआप धातू कापणारं मशीन. कास्टिंग दणकट, बोअर अजूनही मायक्रॉनमध्ये बसतो. म्हणून शेठ ते विकत नाहीत.

त्याची मेमरी मीटरमध्ये मोजतात. ८० मीटर. नव्याने लागलेला पोरगा म्हणाला, "सर, मशीन आहे की पैठणीचं दुकान?" पण हिशेब खरा आहे. पूर्वी प्रोग्राम कागदी टेपवर भोकं पाडून यायचा, इंचाला १० अक्षरं. ८० मीटर म्हणजे जेमतेम ३२ केबी. टेप गेली, मीटर राहिले. प्रोग्राम बाहेर काढण्याला मशीन अजून 'पंच'च म्हणतं.

प्रोग्रामला आत जायची वाट आरएस-२३२ पोर्टची, म्हणजे लॅपटॉपची केबल जोडायच्या जुन्या सीरियल पोर्टची. हे मानक १९६० सालचं, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्याच वयाचं. राज्याने तेवढ्यात किती मुख्यमंत्री पाहिले! पोर्टने फक्त २५ पिनांच्या ९ केल्या, त्याही लॅपटॉपच्या बाजूला.

केबलची गंमत तर विचारू नका. मशीन आधी पिन २० वरून सांगतं, मी तयार आहे. मग ६ वर कान लावून बसतं, समोरचा तयार आहे का? उत्तर आलं नाही की अलार्म ८६. यावर साऱ्या एमआयडीसीचा उपाय एकच: मशीनकडच्या कनेक्टरमध्ये ६, ८ आणि २० एकत्र सोल्डर करायच्या. आता मशीनचाच होकार फिरून मशीनला ऐकू येतो आणि ते खूश होतं. समोर लॅपटॉप नसला तरी.

एवढं करून दोन्हीकडची सेटिंग जुळवायची: ४८०० बॉड वेग, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट. एक चुकलं की अलार्म ८५. शिवाय आधी मशीनवर 'रीड' दाबायचं, पडद्यावर 'एलएसके' लुकलुकायला लागलं की धावत जाऊन लॅपटॉपवर 'सेंड'. उलट केलं तर प्रोग्रामचं डोकं हवेत जातं आणि मशीन पुढच्या % ची, म्हणजे प्रोग्रामच्या हद्दीच्या खुणेची, वाट पाहत बसतं.

परवा सगळं बरोबर होतं, तरी ८५. ऑपरेटर काका तंबाखू मळत म्हणाले, "चार्जर काढा. अर्थिंग खराब आहे."

आमच्याकडे सीरियल पोर्ट असलेला लॅपटॉप एकच. त्याची बॅटरी कधीच मेलीय; चार्जर काढला की मिनिटभरात पडदा काळा. आणि प्रोग्राम, आपल्याला वाचायला लिहिलेल्या कॉमेंटा धरून, ३० केबीचा, म्हणजे मिनिटाहून जास्त.

हे काकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे चिमूट ओठाखाली ठेवली.

"मग सर, कॉमेंटा काढून पाठवा."