साधा शर्ट, मयताला हजेरी आणि बाकीचे प्रश्न

निवडणूक जवळ आली की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. पूर्वी आमचं राजकारण सभ्य होतं, आता घाण झालं. पूर्वीची वर्तमानपत्रं निःपक्षपाती होती, आता सगळी विकली गेली. तेव्हा पक्ष, जाहीरनामा, बातम्या काही बघू नका. साधा राहणारा, देवाला मानणारा, लग्ना-मयताला धावून येणारा माणूस बघा आणि मत द्या. खाली नाव कुणाचंच नसतं.

सभ्यतेचं आधी उरकून घेऊ. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावर १६ जानेवारी १९६७ ला झालेल्या जनमत कौलाचा प्रचार ज्यांना आठवतो त्यांनी हा मजकूर पुढे पाठवला नसेल. विलीनीकरणवादी आणि विरोधक तेव्हा एकमेकांना चहा पाजत नव्हते. तरीही कौल सर्वांनी मानला, कारण सत्तेवर असलेलं, विलीनीकरणाच्या बाजूचं मगो (महाराष्ट्रवादी गोमन्तक) पक्षाचं सरकार मतदानाआधी पायउतार झालं होतं. सरकार खुर्चीत असताना कौल निष्पक्ष होणार नाही, असा विरोधकांचा आग्रह होता. तो मान्य झाला, आणि डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. भाषा कडू होती, व्यवस्था मात्र सरळ होती. मला तरी तेवढी सभ्यता पुरते.

वर्तमानपत्रांचा दावा तर त्याच कौलात कोसळतो. ‘गोमन्तक’ उघडपणे विलीनीकरणाच्या बाजूने आणि ‘राष्ट्रमत’ तितक्याच उघडपणे विरोधात. दोन्ही मराठी! ‘गोमन्तक’ चौगुल्यांनी सुरू केलेला, पुढे आलेली ‘नवप्रभा’ धेंप्यांची. दोन्ही घराणी खाण व्यवसायातली. म्हणजे मालकाचे हितसंबंध हा काही काल-परवाचा शोध नव्हे. फरक पडला असेल तर एवढाच, की तेव्हा कोण कुठल्या बाजूला उभा आहे ते वाचकाला ठाऊक असायचं. आज पैसे देऊन छापून आणलेला मजकूर बातमीच्या वेषात येतो, आणि ती तक्रार खरी आहे. पण त्यावर उपाय म्हणून निनावी फॉरवर्ड वाचायचा?

आता ‘माणूस बघा’. या कसोटीला भाऊसाहेब स्वतःच उतरत नाहीत: ते श्रीमंत खाणमालक होते. पण १९६४ चा कूळ कायदा त्यांच्याच सरकारचा, आणि कुळांना कसत्या जमिनीचे मालक करणारी त्यातली १९७६ ची पाचवी दुरुस्ती त्यांच्या कन्या शशिकलाताईंच्या सरकारची. कुळांनी त्यांची राहणी मोजली नाही, हातात काय पडलं ते मोजलं.

उलट भाजपच्या मनोहर पर्रीकरांचा साधेपणा खराच होता; अर्ध्या बाह्यांचा शर्ट हा काही देखावा नव्हता. तरी २०१७ मध्ये ४० पैकी काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा असताना, भाजपविरोधात प्रचार केलेल्या गोवा फॉरवर्ड पक्षाला सोबत घेऊन त्यांनी सरकार बनवलं. ते योग्य की अयोग्य, यावर दोन मतं असू शकतात. शर्टाकडे बघून मात्र उत्तर मिळत नाही.

देवाला मानण्याचं म्हणाल, तर त्याची परीक्षा २०२२ मध्ये होऊन गेली. काँग्रेसने उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन फुटणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. सप्टेंबरात निवडून आलेल्या अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. का आठ? पक्षांतरबंदी कायद्यात दोन-तृतीयांश आमदार एकत्र गेले तर आमदारकी वाचते, आणि अकराचे दोन-तृतीयांश म्हणजे किमान आठ. २०१९ मध्ये काँग्रेसच्याच पंधरापैकी दहा गेले होते, तेही बरोबर दोन-तृतीयांश. तीन धर्मस्थळांपेक्षा भागाकार जड ठरला.

मयताला येणारा आमदार मलाही आवडतो. आमच्या वाड्यावर तेवढं तरी हवंच. पण तो पुढच्या वेळी दारात आला की त्याला एक विचारा: विधानसभेत कुठल्या विधेयकावर काय बोललात, आणि गेल्या खेपेला ज्या निशाणीवर मत मागितलंत ती अजून तुमच्याकडे आहे का? आणि हो, त्या शपथांच्या बातम्या आपल्याला कळल्या त्या याच ‘विकल्या गेलेल्या’ वर्तमानपत्रांतून.