जगबुडीचा जोडधंदा

भाऊ, सोयाबीनचा भाव पडला, कपाशीत बोंडअळी शिरली, की फार डोकं लावत बसू नका. सरळ जगबुडीचं भाकीत करायला लागा. खत नाही, फवारणी नाही, आणि भाकीत बुडालं तरी गिऱ्हाईक तुटत नाही.

पावसाच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिथे हवामान खातं आणि भेंडवळची घटमांडणी आधीच बसलेली आहे, शिवाय पाऊस आला नाही हे शेतकऱ्याला लगेच कळतं.

भांडवल म्हणून एक कोंबडी पुरते. 1806 मध्ये इंग्लंडातल्या लीड्स गावी एका कोंबडीच्या अंड्यांवर ‘ख्रिस्त येतोय’ अशी अक्षरं दिसू लागली. लोक पेनी मोजून दर्शन घेऊ लागले. मालकीण मेरी बेटमन अंड्यावर लिहून ते परत कोंबडीत सारत असे. 1809 मध्ये तिला फाशी झाली, पण ती विष घालून खून केला म्हणून, अंड्यांपायी नव्हे. तुम्ही गावरानच घ्या. बॉयलरवर श्रद्धा बसत नाही.

अमेरिकेतला विल्यम मिलर तर तुमच्यासारखाच शेतकरी. त्यानं मार्च 1843 ते मार्च 1844 अशी ऐसपैस मुदत दिली. ती उलटली, तेव्हा 22 ऑक्टोबर 1844 ही नवी तारीख निघाली. कित्येकांनी उभं पीक शेतातच सोडलं. काढून करायचं काय? 23 तारखेला दिवस नेहमीसारखा उगवला. पण त्याच निराश मंडळींतल्या काहींनी पुढे 1863 मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथ उभा केला. आज त्याचे दोन कोटींवर सभासद आहेत. एवढा उतारा कोणत्या बियाण्यानं दिला, सांगा! तुम्ही फक्त तारीख ऐन वेचणीत ठेवू नका, आधीच मजूर मिळत नाही.

आपल्याकडे फेब्रुवारी 1962 मध्ये मकरेत आठ ग्रह जमले म्हणून देशभर यज्ञ झाले. तूप संपलं, जग राहिलं.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर कोणी विचारेलच, “काहून महाराज, दुनिया तं शाबूतच हाय?” गडबडू नका. “तुमच्याच भक्तीनं टळलं,” म्हणा आणि पावतीपुस्तक काढा. अमेरिकेतला रेडिओवरचा प्रवचनकार हॅरॉल्ड कॅम्पिंग याची 21 मे 2011 ही तारीख फसली, तर त्यानं न्यायनिवाडा आध्यात्मिक पातळीवर झाल्याचं सांगून 21 ऑक्टोबर दिली. पुढच्या वर्षी मात्र गृहस्थानं चूक जाहीर कबूल केली. असला आतबट्ट्याचा व्यवहार करू नका.

आणि सोसायटीच्या गटसचिवाला यातलं काही सांगू नका. जग 31 मार्चला बुडणार म्हटलं, तर तो 30 लाच वसुलीला येईल.