आशाताईचा फोन उचलणाऱ्या मॅडम

टीममधला विश्वास वरून, लीडरपासून सुरू होतो असं लेखात लिहिलं ते एकदम बरोबर. मी यवतमाळ जिल्ह्यात उपकेंद्रावर सिस्टर आहे, बारा वर्षं झाली. आधीचे डॉक्टर साहेब आशाताईला ओपीडीत पेशंटसमोरच बोलायचे, "तुला काय समजते", मग कोण सांगन त्यांना काही? बाळ दूध पीत नाही हे दिसूनही बाई गप्प राहायची.

आताच्या डॉक्टर मॅडमनं पहिल्याच मिटिंगला सगळ्या आशांचे नंबर सेव्ह केले अन् म्हणाल्या, रात्री-बेरात्री फोन करा, काही नाही निघालं तरी चालते. मागच्या पावसाळ्यात सातव्या दिवसाच्या भेटीला आमच्या ताईनं बाळाला झोळीत घालून वजनकाट्याला लटकवलं, एक किलो आठशे, पाय थंडगार, लगेच फोन. मॅडमनं "नक्की का?" असं विचारलं नाही, बाळाला आईच्या छातीशी कपड्यानं बांधायला लावलं अन् गाडी पाठवली. आता ते पोरगं अंगणवाडीच्या ओट्यावर रांगते.

अन् हे काही नवीन नाही, गडचिरोलीत डॉ. अभय बंग अन् डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत बनवलं, जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा त्यांच्या हातात दिलं, अन् तान्ह्या बाळांचे मृत्यू ६२ टक्के कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. तो केवढा मोठा भरवसा होता!

आमच्या तालुक्याच्या मिटिंगमध्ये मात्र आशा अजून मागच्या रांगेत बसतात, त्यांचा नंबर येईपर्यंत जेवणाची वेळ होते. त्यांना पहिले बोलू द्या ना.