चॅटम हाऊस, आमची सोसायटी आणि गॅलरीतला पोपट

गेल्या रविवारी ठाण्यात आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत पुनर्विकासावर बैठक झाली. आम सभा नव्हे, त्याआधीची आपापसातली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा आणि नेहमीचं "अजून पाच मिनिटं थांबू". तिसऱ्या मजल्यावरचे काका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "आज आपण चॅथम हाऊस रूल्सनं चालायचं. इथलं अक्षर बाहेर जाता कामा नये." सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या वहिनींनी हळूच मला विचारलं, "चॅथम म्हणजे अंदमानातलं ना हो? ती लाकडाची गिरणी?"

हसू नका. सेल्युलर जेल बघायला गेलेल्यांना पोर्ट ब्लेअरची (आताचं श्री विजयपुरम) चॅथम सॉ मिलही दाखवतात. काकांचं चॅथम मात्र लंडनमधलं, आणि त्याचा उच्चार चॅटम. सगळा जन्म शाळेत मराठी व्याकरण शिकवण्यात गेला माझा, तरी बैठकीत गप्प बसले. त्याची भरपाई इथे करते.

चॅटम हाऊस ही सेंट जेम्स स्क्वेअरमधली दहा नंबरची इमारत. थोरला विल्यम पिट, म्हणजे अर्ल ऑफ चॅटम, तिथे राहायचा. पुढे डर्बी आणि ग्लॅडस्टनही राहिले. एकाच घराला ब्रिटनचे तीन पंतप्रधान! १९२० साली स्थापन झालेल्या एका संस्थेला ही वास्तू १९२३मध्ये देणगी म्हणून मिळाली. संस्थेचं खरं नाव रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स. एवढं लांबलचक कोण म्हणणार? इमारतीचं नावच संस्थेला चिकटलं. आपल्याला यात नवल वाटायला नको. 'मातोश्रीवर खलबतं' असं वाचलं की भिंती कुजबुजतायत असं कुणी समजत नाही. 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली' हे उदाहरण देऊन मी वर्षानुवर्षं लक्षणा शिकवली, ती हीच. इंग्रजीत एक बारकावा आहे. संस्थेच्या नावाआधी 'द' लावत नाहीत, नियमाआधी लावतात. आणि तो नियम एकच आहे. 'रूल', 'रूल्स' नव्हे. चॅटम हाऊसवाले स्वतः हे सांगून दमलेत, पण जगभरच्या बैठकांत ते 'रूल्स' चालूच असतं.

(धोरणांचा अभ्यास करणाऱ्या अशा संस्थेला थिंक टँक म्हणतात. पूर्वी इंग्रजी बोलीत थिंक टँक म्हणजे माणसाचं डोकं. मला तोच अर्थ जास्त आवडतो. आमच्या तलावांच्या शहरात टँक म्हटलं की आधी मासुंदा तलाव आठवतो, किंवा गच्चीवरची गळकी टाकी.)

उच्चार आणि अनेकवचन सोडून देऊ. काकांनी अर्थच उलटा केला, हे माझं खरं दुखणं. नियम १९२७चा, शब्दरचना पुढे १९९२ आणि २००२मध्ये नीट केली. त्याचं म्हणणं असं, की बैठकीत कळलेली माहिती बाहेर खुशाल वापरा. फक्त ती कोणी सांगितली, तो माणूस कुठला (म्हणजे कुठल्या संस्थेचा) आणि बैठकीला आणखी कोण होतं, हे उघड करू नका. काकांना हवी होती ती अळीमिळी गुपचिळी. तिच्यासाठी लंडनला जायची गरज नव्हती.

संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर काय झालं ऐका. कुणीतरी लिहिलं, "एका सदस्याच्या मते बिल्डरकडून दोन वर्षांचं भाडं आगाऊ घ्यावं." इथपर्यंत नियमाला धरून. लगेच प्रश्न, "कोण म्हणालं?" उत्तर आलं, "नाव नाही सांगत, पण त्यांच्या गॅलरीत पोपट आहे." अठ्ठावीस घरं, पोपट एक. 'माणूस कुठला' हेही झाकायला का सांगितलंय, ते मला त्या पोपटानं समजावलं. पुढे ऐंशी मेसेज पडले, सगळे पोपटवाल्यांवर. त्यांना एवढी घाई का, त्यांचा जावई कुठे नोकरीला, सगळं निघालं. आगाऊ भाड्यावर एक अक्षर नाही. आपल्याकडे कोण म्हणालं ते गावभर होतं आणि काय म्हणालं ते चहाच्या कपाबरोबर विसळलं जातं. म्हणून मला हा नियम हवासा वाटतो. घरातल्या सुनेला, भाडेकरूला, मेंटेनन्स थकलेल्याला त्याच्या आडोशानं तोंड उघडता येईल.

पण सगळीकडे नको. बिल्डरचा माणूस येऊन कॉर्पस फंडाचा, म्हणजे बिल्डरनं द्यायच्या एकरकमी निधीचा, आकडा सांगेल तेव्हा तो कोणी सांगितला ते नावानिशी लिहून ठेवायचं. आश्वासनाला आडोसा कसला? आम सभेतही जमणार नाही, इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदक यांची नावं लागतात. मूळ नियमात 'बैठक किंवा तिचा काही भाग' अशी सोय आहेच. पहिला अर्धा तास मोकळं बोला, मग नावानिशी ठराव. सचिवांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुम्हीच लिहून द्या." मी लिहून दिलं.

परवा फलकावर पुढच्या बैठकीची सूचना लागली. वेळ, जागा आणि शेवटी 'चॅथम हाऊस रूल्स लागू'. एवढंच. राहवलं नाही. पेन काढलं, 'थ'चा 'ट' केला आणि 'रूल्स'चं 'रूल' केलं. आज सकाळी दूध आणायला उतरले तर खाली कुणीतरी लाल शाईनं लिहिलंय, "ही खाडाखोड कोणी केली?"

खाली सही नाही.