गंजलेलं कूलंट फिटिंग ‘घासा, लेप लावा, चालवा’? एकेक मुद्दा बघूया

जुने डिझेल ट्रक वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतोय. तो साधारण असा: कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) फिटिंगला, म्हणजे रबरी नळी जोडायच्या धातूच्या तुकड्याला, गंज लागून पाणी झिरपत असेल तर फिटिंग बदलायची काही गरज नाही, ब्रशने घासा, एपॉक्सी लावा, क्लॅम्प अजून कसा, रेडिएटरमध्ये स्टॉप-लीक (गळती आतून बुजवणारं औषध) ओता आणि वरून साधं पाणी भरा, जुन्या इंजिनाला तेवढं पुरतं, आणि फिटिंग काढायला गेलात तर ते आतच तुटेल आणि सिलिंडर हेडचा खर्च गळ्यात पडेल. लोक हे वाचून खरंच तसं करतात आणि पुढे इंजिन गरम होऊन बसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिला मुद्दा, घासलं की झालं. मुळात हा गंज बाहेरून आत जात नाही, बहुतेक वेळा आतून बाहेर येतो. बाहेर जो पांढरा किंवा हिरवट खरपुडीसारखा थर दिसतो ना, तो म्हणजे आतून झिरपलेलं कूलंट वाळून राहिलेला क्षार, म्हणजे भिंत पार झालेली आहे. पितळेच्या फिटिंगचं तर अजून अवघड, पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे गुलाबीसर, सच्छिद्र तांबं उरतं, आकार तोच, आटे तेच, पण ताकद शून्य. असं एल्बो (कोपऱ्यासारखं वळलेलं फिटिंग) काढल्यावर टोकदार सुईने टोचून बघा, चांगल्या पितळेवर नुसता ओरखडा उठतो आणि याच्यात टोक रुततं. होज (रबरी नळी) जिथे चढतो त्या निपलचंही तेच, होजखाली कूलंट अडकून राहतं आणि धातू नेमका तिथेच खातो जिथे तुम्हाला दिसत नाही. ब्रश मारून तुम्ही फक्त खूण पुसता, आणि कधीकधी त्या खरपुडीनेच भोक बुजलेलं असतं ते मोकळं होतं.

एपॉक्सी. रस्त्यात अडकलात आणि गाडी हळू चालवत जवळच्या ठिकाणी न्यायची आहे, तर लावा, माझी हरकत नाही. कायमची दुरुस्ती म्हणून नाही. ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) लागलेल्या धातूवर एपॉक्सी धड चिकटत नाही, आणि चिकटली तरी ती गरम झाल्यावर धातूपेक्षा जास्त फुगते, गार झाली की आखडते, त्यात डिझेल इंजिनाची थरथर, मग कडेने सुटायला लागतेच. शिवाय लेप बाहेरून आहे, आत कूलंट भिंत खातंच आहे.

क्लॅम्प अजून कसा, हे तर नकोच. निपल पातळ झालंय म्हणून गळतंय, त्यावर जोर लावला तर ते चेपतं, नाहीतर होज कापला जातो.

स्टॉप-लीक म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. ते रेडिएटरच्या एखाद्या बारीक छिद्रावर कधीकधी चालतं हे खरंय, पण गळती फिटिंगला आहे आणि ते फिरणार सगळीकडे, आणि साठणार तिथे जिथे वाट अरुंद आहे, म्हणजे केबिन गरम करणाऱ्या हिटर कोरमध्ये, रेडिएटरच्या नळ्यांमध्ये, ऑइल कूलरमध्ये.

आता साधं पाणी. माझ्या मते सगळ्या सल्ल्यात सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. लोकांना वाटतं कूलंट फक्त गोठू नये म्हणून असतं. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे 37 अंशांच्या आसपास गोठतं आणि उकळतं साधारण 107 ला, आणि 1 बार दाबाच्या रेडिएटर कॅपखाली 129 च्या आसपास, हे आहेच. पण त्यात गंजरोधक रसायनं असतात हा भाग जास्त महत्त्वाचा. बऱ्याच हेवी डिझेलमध्ये वेट लायनर असतो, म्हणजे पिस्टनभोवतीचा नळकांडा ज्याला बाहेरून थेट कूलंट लागतं, पिस्टनच्या धक्क्यांनी तो थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला कूलंटमध्ये बारीक बुडबुडे होतात आणि लायनरवरच फुटतात, आणि प्रत्येक फुटण्यात धातूचा कण जातो. नायट्रायटसारखी रसायनं लायनरवर संरक्षक थर धरतात म्हणून तो टिकतो. साध्या पाण्यात ते काहीच नाही, वर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर बसतो आणि क्लोराइड ॲल्युमिनियम खातं. म्हणजे ज्या कारणाने फिटिंग गेलं तेच कारण तुम्ही परत भरताय! आणि कूलंट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, जुनं झालं की ग्लायकॉलचं आम्ल होतं, त्यासाठी टेस्ट स्ट्रिप मिळतात. रंगावरून तर काहीच ठरवू नका, एकाच रंगाची वेगवेगळी केमिस्ट्री असते, इंजिनाच्या पुस्तकात जी सांगितलीय ती घ्या आणि पाणी डिस्टिल्ड.

राहिला शेवटचा मुद्दा, काढायला गेलं की तुटतं. ही भीती खरी आहे, कुजलेलं फिटिंग पाना लावताच तुटतं, बरेचदा. पण ते चालवत राहिलात तर एक दिवस चढावर लोड घेऊन जाताना तुटणार, त्यापेक्षा इंजिन गार असताना, कूलंट काढून, उजेडात तुटलेलं बरं. आधी गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. उष्णता द्यायची असेल तर सिस्टीम पूर्ण रिकामी पाहिजे, आत अडकलेल्या कूलंटची वाफ तोंडावर येते. आणि धातू बघून ठरवा: ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये स्टीलचं फिटिंग असेल तर हाउसिंग तापवून गरम असतानाच फिरवा कारण ॲल्युमिनियम जास्त पसरतं, पण बीडात (कास्ट आयर्नमध्ये) पितळ असेल तर उलट, पितळ जास्त पसरून अजून घट्ट बसतं, तिथे तापवून पूर्ण गार होऊ द्या, आखडताना पकड सुटते, मग पाना लावा.

तरी तुटलंच तर लगेच ईझी आऊट (तुटलेला तुकडा फिरवून काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) ठोकू नका. पातळ कुजलेली भिंत त्याने बाहेर फाकते आणि आट्यांत अजून रुतते, आणि ईझी आऊटच आत तुटला तर तो इतका कडक असतो की साध्या ड्रिलला दाद देत नाही. त्यापेक्षा हॅक्सॉचं नुसतं ब्लेड हातात धरून फिटिंगच्या आतून लांबीने खाच पाडा, आट्यांना टेकायच्या जरा आधी थांबा, समोर दुसरी खाच, आणि छोट्या छिन्नीने तुकडा आतल्या बाजूला दुमडा. वेळ लागतो पण हेडचे आटे वाचतात. मागे चिंधी कोंबा म्हणजे चुरा आत जात नाही, आणि ती काढायला विसरू नका.

नवीन लावताना ‘बसतंय म्हणजे बरोबर आहे’ असं समजू नका. अर्धा आणि पाऊण इंचाचे एनपीटी आणि बीएसपी (पाइपच्या आट्यांची अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धत) दोन्ही इंचाला 14 आट्यांचे आहेत, म्हणून एकात दुसरं सुरुवातीला छान फिरतं, पण आट्याचा कोन एकाचा 60 आणि दुसऱ्याचा 55 अंश, ते गळणारच. निमुळत्या आट्याला पेस्ट सीलंट लावा. टेफ्लॉन टेपचे धागे सुटून आत जातात, आणि एका वायरच्या टेम्परेचर सेन्सरवर टेप जास्त गुंडाळली तर त्याचं अर्थिंग जातं आणि काटा चुकीचा दाखवतो.

मग कॅपवर लिहिलेल्या प्रेशरपर्यंत हातपंपाने दाब देऊन थोडा वेळ काटा बघा, पडला नाही तर हिटर फुल गरमवर ठेवून थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत इंजिन चालवून हवा काढा. गार झाल्यावर लेव्हल परत बघा, थोडी उतरलेली असतेच. काढलेलं कूलंट भांड्यात झाकून ठेवा, ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.