आजीची भूमिका पदरात पाडून घेण्याचा राजमार्ग

अभिनेत्री व्हायचं तुमच्या मनात आहे असं कळलं. तेही साधंसुधं नाही, जमैकन अभिनेत्री. आणि नुसती जमैकन नव्हे, तर लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रामॅटिक आर्टमधून, म्हणजे राडामधून (हसू नका, तिकडे सगळे हेच म्हणतात), रीतसर शिकून बाहेर पडलेली. फार उत्तम विचार आहे. या क्षेत्रात गर्दी अजिबात नाही, कारण जागाच नाहीत. मार्गदर्शनासाठी मोना हॅमंड यांची कारकीर्द समोर ठेवू. बाईंनी जवळजवळ अर्धशतक ब्रिटिश रंगभूमीवर आणि पडद्यावर काढलं, तेव्हा त्यांच्या पावलावर पाऊल टाकायला हरकत नाही. पावलं कुठे उमटू दिली गेली, तेवढं बघून घ्या.

जन्म जमैकातल्या क्लॅरेन्डन परगण्यात, ट्वीडसाइड या गावी, १ जानेवारी १९३१ रोजी घ्यावा. वडील चिनी, आई जमैकन. नाव मेव्हिस चिन ठेवून घ्यावं, ते पुढे बदलता येतं. जमैका तेव्हा इंग्रजांची वसाहत. त्यामुळे इंग्लंडचे राजे, इंग्लंडचा पाऊस आणि इंग्लंडचा शेक्सपिअर ही सगळी आपलीच मंडळी, असं तुम्हाला लहानपणापासून वाटत राहील. हा गैरसमज जिवापाड जपा. तो गेला तर पुढचं काहीच व्हायचं नाही.

१९५९ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून लंडन गाठावं. तिथे उतरल्या उतरल्या नाटकात शिरायची घाई नको, आधी नोकरी बघा. मोनाबाईंनी नॉर्मन अँड डॉबार्न या वास्तुविशारदांच्या कचेरीत नोकरी धरली. काय ही दूरदृष्टी! बीबीसीचं टेलिव्हिजन सेंटर १९६० मध्ये सुरू झालं, त्याचा आराखडा याच कचेरीतून निघालेला. ज्या इमारतीच्या दारात पुढे आपल्याला ताटकळायचं आहे, तिचे नकाशे काढणाऱ्यांकडून महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा, याहून चांगला शकुन कोणता? दिवसा कचेरी आणि संध्याकाळी सिटी लिट या प्रौढांच्या संस्थेत नाटकाचे वर्ग, असं दोन वर्षं रेटायचं. मग राडाची शिष्यवृत्ती मिळते. १९६४ मध्ये तुम्ही बाहेर पडता तेव्हा तेहेतीस वर्षांच्या असता. ज्यूलिएटचं वय हुकलेलं असतं, पण त्याची चुटपूट लावून घेऊ नका. ती तशीही मिळणार नव्हती.

राडात तुम्हाला सगळं शिकवतात. शेक्सपिअरची ओळ कुठे तोडायची, श्वास कुठे लपवायचा, शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यापर्यंत कुजबुज कशी पोचवायची. क्लॅरेन्डनचा तुमचा हेल घासूनपुसून असा काही लख्ख करतात की फोनवर तुम्ही डचेस वाटाल. म्हणून पहिली मुलाखत फोनवरच उरकता आली तर बघा.

कारण प्रत्यक्ष भेटीत ते तुमच्याकडे बघतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर हॉस्पिटल उभं राहतं. यात त्यांचा दोष नाही. १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि कॅरिबियन बेटांवरून बोटी भरभरून नर्स आल्या. तेव्हापासून तिकडच्या पटकथाकाराला काळी बाई सुचली की तिच्या हातात थर्मामीटर आपोआप येतो. नर्स नसेल तर आया, आया नसेल तर झाडलोट करणारी, आणि कधी फारच पुरोगामी वारं सुटलं तर मुलाला पोलिसांनी पकडून नेलंय म्हणून रडणारी आई. संवाद साधारण दोन ओळींचे. ते म्हणून दाखवलेत की समोरचा गृहस्थ अवघडून म्हणतो, ‘छानच. पण जरा बेटावरचं बोललात तर?’ म्हणजे जो हेल काढून टाकायला शिष्यवृत्ती खर्ची पडली, तोच आता परत आणून द्यायचा. तेव्हा राडात जाताना जुना हेल फेकून देऊ नका. ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवा, उपजीविका त्याच्यावरच होणार आहे.

या बाबतीत लुईझ बेनेट जास्त व्यवहारी. मोनाबाईंच्या कितीतरी आधी, १९४५ मध्ये, ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर त्या राडात गेल्या. सगळं शिकल्या, बीबीसीवर कार्यक्रमही केले, आणि शेवटी मायदेशी परतून बाजारातल्या बायका बोलतात त्याच बोलीत कविता आणि नाटकं करत उभी हयात काढली. जमैकातल्या भद्र लोकांनी आधी नाकं मुरडली. एवढं शिकून आली आणि बोलते कशी बघा! पुढे तीच मंडळी ‘आमच्या मिस लू’ म्हणत पहिल्या रांगेत बसू लागली. लिओनी फोर्ब्ससुद्धा राडाहून घरी परतल्या. किंग्स्टनच्या वॉर्ड थिएटरमध्ये दरवर्षी २६ डिसेंबरला पँटोमाइमचा, म्हणजे नाचगाण्यांच्या विनोदी नाटकाचा, नवा खेळ लागायचा, त्यात या बायका हव्या तेवढ्या गाजल्या. म्हणजे परत जाण्याची वाट खुली आहेच. पण परतलं की ‘लंडनला जमलं नाही वाटतं’ हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा. आपल्याकडच्या परत आलेल्यांना वेगळं सांगायला नको.

तुम्ही मात्र चिवट आहात, लंडनमध्येच राहणार. तर मग मोठ्या भूमिकेचं काय? नाचता येईना अंगण वाकडं, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे नाचता उत्तम येतं, पण अंगण दुसऱ्याचं असतं आणि फाटकाला कडी असते. तरी १९७२ मध्ये एक चमत्कार घडला. राउंडहाउसमध्ये, म्हणजे एके काळच्या रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये, पीटर को यांनी ‘ब्लॅक मॅक्बेथ’ केलं आणि मोनाबाई लेडी मॅक्बेथ झाल्या. त्यासाठी फक्त एवढंच करावं लागलं की अख्खं स्कॉटलंड उचलून आफ्रिकेत नेऊन ठेवावं लागलं. एका बाईला भूमिका देण्यापेक्षा देश हलवणं सोपं, हा नाट्यव्यवसायाचा धडा वहीत लिहून ठेवा. आणि स्कॉटलंड रोज रोज हलत नाही, हेही त्याच्याखाली लिहा.

अमेरिकेत जाऊन बघू म्हणता? मॅज सिंक्लेअर गेल्या होत्या. जमैकातली शिक्षिकेची नोकरी सोडून १९६८ मध्ये न्यू यॉर्क, मग तिथल्या शेक्सपिअर फेस्टिव्हलमध्ये कामं, पुढे सिनेमा आणि टीव्ही. १९९१ मध्ये एमी पारितोषिक मिळालं, तेव्हा बाईंना कमी लेखायचं कारण नाही. अमेरिका एकूण दिलदार. तिथे तुम्हाला अंतराळयानाची कॅप्टन करतात, मात्र त्या कॅप्टनला नाव ठेवायला विसरतात. राणीसुद्धा करतात, फक्त देश नकाशावर नसावा किंवा प्रजा चार पायांची असावी. १९८८ च्या ‘कमिंग टू अमेरिका’मध्ये त्या झामुंडाच्या महाराणी होत्या आणि १९९४ मध्ये ‘लायन किंग’मधल्या सिंबाची आई. तुमच्या घरातल्या पोरांनी तो सिनेमा मूळ इंग्रजीत पाहिला असेल तर किंग्स्टनच्या या शिक्षिकेचा आवाज त्यांनी ऐकलेला आहे. तिला सिंहीण समजून.

आता या लेखातला सगळ्यात बेजबाबदार सल्ला देतो: स्वतःची नाटक कंपनी काढा. हे खूळ मूळचं इव्हॉन ब्रूस्टर यांचं. १९५६ मध्ये त्या किंग्स्टनहून लंडनला नाट्यशिक्षण घ्यायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना प्रेमाने सांगण्यात आलं की शिका हवं तर, पण या देशात काम काही मिळायचं नाही. फी परत देण्याविषयी कुणी काही बोलल्याची नोंद नाही. बाईंनी जमैकात जाऊन आईवडिलांच्या गॅरेजमध्ये थिएटर काढलं, पुन्हा लंडनला आल्या, आणि १९८६ मध्ये मोना हॅमंड, कार्मन मन्रो आणि इनिगो एस्पेहेल यांच्यासोबत तलावा थिएटर कंपनी उभी केली. अनुदान दिलं ग्रेटर लंडन कौन्सिलने. त्याच वर्षी थॅचरबाईंनी ते कौन्सिलच बरखास्त करून टाकलं, यावरून अनुदानाचा अर्ज किती वेळेवर करावा लागतो ते ध्यानात घ्या. पहिलं नाटक ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’. हैतीतल्या गुलामांच्या उठावाचा हा विषय लंडनच्या रंगमंचावर १९३६ मध्ये पॉल रोब्सन यांनी गाजवला होता. मध्ये पन्नास वर्षं गेली. लंडनमध्ये तालमीला जागा मिळायला वेळ लागतोच.

आणि मग १९८९. तलावाने ऑस्कर वाइल्डचं ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ केलं. सगळे नट काळे, आणि लेडी ब्रॅकनेल आपल्या मोनाबाई. हे पात्र तुम्हाला नव्याने ओळखून द्यायला नको, कारण ती बाई आपल्याकडच्या प्रत्येक लग्न जमवण्याच्या बैठकीत हजर असते. मुलीला मागणी घालायला आलेल्या तरुणाला समोर बसवून ती वही-पेन्सिल काढते. वय किती, उत्पन्न किती, घर कुठे, राजकारणात कुणाच्या बाजूचे. पत्रिका तेवढी मागत नाही. सगळी उत्तरं पसंत पडतात आणि मग ती विचारते, आईवडील? तरुण सांगतो की ठाऊक नाहीत, मी एका हँडबॅगेत सापडलो, व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात. त्यावर बाईंना तो एकच शब्द परत उच्चारायचा असतो: हँडबॅग. ईडिथ इव्हान्स यांनी १९५२ च्या चित्रपटात तो असा काही ताणून ठेवला की त्यानंतरच्या प्रत्येक नटीच्या मानगुटीवर तो बसलेला आहे.

इथे थोडं थांबा. हा सगळा प्रवेश म्हणजे ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या एका प्रश्नाची वेगवेगळ्या कपड्यांतली रूपं आहेत. लंडनमधल्या काळ्या माणसाला हा प्रश्न बसस्टॉपवर, दुकानात, घरमालकाच्या दारात विचारला जातो, आणि ‘इथलाच’ हे उत्तर चालत नाही. आता ट्वीडसाइडची ही बाई कमरेवर घट्ट पोशाख आवळून, मान ताठ ठेवून, राडात घासूनपुसून मिळालेल्या त्याच डचेसच्या इंग्रजीत एका इंग्लिश जमीनदार पात्राला विचारते की बाबा रे, तुझे आईबाप कोण, तू आलास कुठून. वाइल्डच्या संवादांना आपली ठिगळं लावायची गरज पडली नाही. इंग्लंड होतं तिथेच ठेवलं होतं. आफ्रिकेला न्यावं लागलं नाही. अशी भूमिका मिळाली की तृप्त व्हा, कारण तिचं चित्रीकरण काही रोज रात्री घराघरांत दिसणार नाही.

घराघरांत दिसायचं असेल तर ‘ईस्टएंडर्स’ आहे. बीबीसीची ही मालिका १९८५ पासून चालू आहे, सासवा-सुनांऐवजी पब आणि भांडणं. १९८६ मध्ये, म्हणजे तलावाच्या स्थापनेच्याच वर्षी, मोनाबाई तिथे पहिल्यांदा गेल्या आणि मिशेल फाउलर या पात्राचं बाळंतपण करून आल्या. सुईणीची भूमिका. मग १९९४ मध्ये त्याच अल्बर्ट स्क्वेअरमध्ये ब्लॉसम जॅक्सन नावाची आजी म्हणून राहायला आल्या. चौकातल्या कुणालाही वाटलं नाही की ही बाई कुठेतरी पाहिल्यासारखी दिसते. सबंध मोहल्ल्यात वर्षानुवर्षं कोण कुणाबरोबर दिसलं याचा हिशेब ठेवणाऱ्या त्या माणसांना, बाळंतपण करायला आलेली बाई आठवली नाही. यालाच म्हणतात भूमिकेत विरघळून जाणं.

आजीपद एकदा लाभलं की पुढची वाट सरळ. ‘डेस्मंड्स’ या मालिकेत आंटी सूसू त्या होत्याच, ‘द क्राउचेस’ मालिकेत आजी झाल्या, आणि २००६ मध्ये ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथांच्या मालिकेत मिकी नावाच्या तरुणाची आंधळी आजी. ही शेवटची भूमिका मुळातून पाहा. आपल्या जगातली ती आजी जिन्यावरच्या फाटक्या गालिच्यात पाय अडकून वारलेली असते, आणि नातू समांतर जगात पोचतो तर दारात ती जिवंत उभी. आधी त्याच्या मुस्काटात एक ठेवून देते, मग मिठी मारते. पडद्यावर किती मिनिटं? मोजकीच. पण तेवढ्यात राडातली सगळी फी वसूल. आणि ब्लॉसमचं म्हणाल, तर १९९७ मध्ये लेखकांनी तिला फेलिक्स नावाच्या वयस्क न्हाव्यासोबत इस्रायलला पाठवून दिलं. क्लॅरेन्डनहून निघालेली लेडी ब्रॅकनेल व्हाया वॉलफर्ड (‘ईस्टएंडर्स’मधली काल्पनिक वस्ती) इस्रायलला. २०१० मध्ये घरातलं एक पोर गेलं तेव्हा अंत्यविधीला परत बोलावली, मालिकेतली नाती अशा वेळी आठवतातच.

मान-सन्मानाची काळजी करू नका. ओबीई मिळतं. म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या पदकाचे मानकरी. साम्राज्य केव्हाच आटोपलंय, पण पदकं शिल्लक आहेत आणि ती वसाहतीतून आलेल्यांना देण्यात एक औचित्यही आहे.

मोनाबाई जुलै २०२२ मध्ये, एक्क्याण्णव्या वर्षी गेल्या. मथळ्यांमध्ये ‘ईस्टएंडर्स’ होतं. मथळ्याची जागा मोजकी असते, तिथे लेडी मॅक्बेथ मावत नाही, हे तुम्हीही समजून घ्याल.

तर आता प्रवेशअर्ज भरायला घ्या. नाव, जन्मगाव, शिक्षण, सगळं सुवाच्य अक्षरात. आणि ‘येत असलेली कामं’ या रकान्यात वाइल्ड, शेक्सपिअर वगैरे लिहून समोरच्याला घाबरवू नका. बाळंतपण करता येतं, एवढं लिहा. लगेच बोलावतील.